वही नसलेला प्रयोग

डोक्यावर एके दिवशी रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसतो. खाज नाही, दुखत नाही, कातडी लाल झालेली नाही. फक्त तेवढ्या जागेवर केस नाहीत. आपल्याकडे याला चाई म्हणतात, आणि एखादा किडा केस खाऊन जातो अशी समजूत अजूनही घरोघरी आहे. किडा नसतो. जंतूंवर तुटून पडायचे काम असलेल्या पांढऱ्या पेशी केसाच्या मुळाभोवती गोळा होतात आणि त्यालाच परके समजून त्याची वाढ बंद पाडतात. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. बहुतेकांचे एकदोन चट्ट्यांवर निभावते. काहींचे मात्र डोक्यावरचे सगळे केस जातात, मग भुवया, पापण्या, अंगावरची लवसुद्धा. या लोकांना सांगण्यासारखे डॉक्टरांकडे २०१४ पर्यंत फारसे काही नव्हते. त्या वर्षी येल विद्यापीठातल्या डॉ. ब्रेट किंग यांनी अंगावर जवळपास एकही केस नसलेल्या एका २५ वर्षांच्या तरुणाला, त्याला सोरायसिसही होता म्हणून, संधिवातावरची टोफॅसिटिनिब ही गोळी दिली आणि त्याचे केस परत आले. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला ख्रिस्तियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हल्ला पेशींतल्या ‘जॅक’ नावाच्या विकरांमार्फत चालतो हे उंदरांवर दाखवले आणि त्याच जातीच्या रक्सोलिटिनिबने तीन रुग्णांचे केस उगवल्याचे प्रसिद्ध केले. ख्रिस्तियानो यांना स्वतःलाही चाई झालेली होती.

आज टोफॅसिटिनिब भारतीय कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी, मूळ परदेशी गोळीच्या मानाने स्वस्तात, नागपुरातही मिळते. आपल्याकडे ती आली संधिवातासाठी. चाईसाठी त्वचारोगतज्ज्ञ ती आपल्या जबाबदारीवर लिहून देतात आणि त्यात बेकायदा काहीच नाही. मग प्रश्न असा पडतो की गोळी आहे, ती लिहिणारा डॉक्टर आहे, घेणारा रुग्ण आहे, तर चाचणीचे घोडे आता कशाला दामटायचे? हा वाद मी दोन माणसांच्या तोंडी घालतो. दोघेही कल्पित आहेत आणि दोघेही नागपूरच्या प्रताप नगरातले. एक आहेत औषध दुकानदार. प्रताप नगर, खामला, त्रिमूर्तीनगर या पट्ट्यातली चिठ्ठी त्यांच्या काउंटरवर येते. दुसऱ्या औषधशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका. माझा कल प्राध्यापिकेकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण दुकानदारांचे सगळेच मुद्दे खोडून काढता येतात असे मला वाटत नाही, आणि त्यांच्यामुळेच प्राध्यापिकेला आपली चाचणीची मागणी अधिक नेमकी करावी लागते.

दुकानदार म्हणतात, “मॅडम, तुमचं शास्त्र मला मान्य आहे. पण जे डोळ्यांनी दिसून राहिलं त्याला नाही कसं म्हणायचं? नागपुरात उन्हापायी सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात, पण एखादी दुकानात येऊनही स्कार्फ सोडत नाही, तिचं मला लगेच समजते. चिठ्ठी असते चाईची. सहा महिन्यांनी तीच पोरगी उघड्या डोक्यानं येते, अन् पैसे देताना आईच्या तोंडावर जे दिसते ते मी पाहतो. तिला मी सांगू का, बाई, थांब, अजून चाचणी व्हायची आहे? काऊन सांगू?”

“केस आले हे मलाही मान्य आहे, भाऊ,” प्राध्यापिका म्हणतात, “गोळीमुळेच आले हे कशावरून? चाईचा खोडसाळपणा असा आहे की ती आपली आपणही जाते. एकदोन चट्टे असलेल्यांपैकी तिसरा हिस्सा ते निम्मे लोक वर्षभरात काहीही न करता बरे होतात. अशा शंभर जणांना तुम्ही साधे खोबरेल तेल दिलेत तरी वर्षाच्या शेवटी तीस-चाळीस जण तुमच्याकडे पेढे घेऊन येतील. राहिलेले साठ-सत्तर येणार नाहीत, ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातील. तुमच्या डोळ्यांना दिसले ते खरेच आहे, पण जे तुमच्या दुकानात परत आलेच नाहीत ते तुम्हाला दिसले नाहीत. कांद्याच्या रसाचे उदाहरण घ्या. इराकमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २३ जणांनी कांद्याचा रस लावला, १५ जणांनी नळाचे पाणी. सहा आठवड्यांनी रसवाल्या २३ पैकी २० जणांचे केस उगवले होते, पाणीवाल्या १५ पैकी आठ आठवड्यांनीही फक्त दोघांचे. आकडे छाती दडपवणारे आहेत. पण माणसे ३८, तीही चट्ट्यांचीच, आणि डोक्याला कांदा लावला आहे की पाणी हे रुग्णापासून लपवणार कसे? वास येतोच. ज्याला माहीत आहे की आपल्याला खरे औषध मिळाले, तो नेटाने लावतो, नेमाने तपासायला येतो. मोजणाऱ्यालाही वास येतो, मग तो बारीक लवसुद्धा केस म्हणून मोजतो. कोणी खोटे बोलत नाही, तरी निकाल वाकडा होतो. चाईवर आजवर जे उपाय केले गेले, त्यांचा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २००८ मध्ये आढावा घेतला तेव्हा तुलनेसह केलेल्या १७ चाचण्या सापडल्या, त्यांतले सगळे रुग्ण मिळून ५४०. आणि त्यांतला एकही उपाय प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या उपचारापेक्षा, केस चांगले उगवतो असे ठामपणे दाखवू शकला नव्हता. डोक्यात टोचायची स्टेरॉइडची इंजेक्शने आणि चोळायची मलमे दवाखान्यादवाखान्यात वर्षानुवर्षे चालत होती, हे लक्षात घ्या.”

विदर्भातल्या वाचकाला इथे शेगाव आठवेल. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये दोनचार दिवसांत माणसांचे केस मुठी-मुठीने हातात येऊ लागले. ती चाई नव्हती. पाणी, शाम्पू, बुरशी असे तर्क झाले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फाजील आढळले, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. पुढे काहींचे केस परत येऊ लागल्याच्याही बातम्या आल्या. त्या आठवड्यांत गावात कोणी एखादी गोळी वाटली असती, तर केस परत आल्याचे सगळे श्रेय त्या गोळीला गेले असते. केस जाणे हे एकच दृश्य आहे, त्यामागची कारणे अनेक आहेत आणि परतण्याचे वेळापत्रक शरीर स्वतः ठरवते. म्हणून या विषयात ‘गुण आला’ या साक्षीची किंमत इतर आजारांपेक्षाही कमी धरावी लागते, असे मला वाटते.

दुकानदार इतक्याने हटत नाहीत. “चट्टेवाल्यांचं सोडा. ज्यांचं पूर्ण डोकं गेलं, भुवया गेल्या, त्यांचे केस काही आपोआप येत नाहीत, हे तुमचीच पुस्तकं सांगतात. त्या माणसाला तुम्ही चाचणीत घेणार अन् अर्ध्यांना हातात खोटी गोळी देणार. तो बिचारा नऊ महिने रोज ती गिळणार. याला मी निर्दयपणा म्हणतो, मॅडम, दुसरा शब्द नाही.”

हा आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत शिरल्याशिवाय देता येत नाही. बॅरिसिटिनिब या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एकीत ६५४ रुग्ण होते, दुसरीत ५४६. सगळ्यांच्या डोक्यावरचे निम्मे किंवा त्याहून कमी केस शिल्लक राहिलेले. ३६ आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी पहिल्या चाचणीत ३८.८ टक्के आणि दुसरीत ३५.९ टक्के लोकांच्या डोक्याचा किमान ८० टक्के भाग केसांनी झाकला गेला. प्लासिबो, म्हणजे दिसायला हुबेहूब पण आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण ६.२ आणि ३.३ टक्के होते. प्राध्यापिका या आकड्यांकडे दोन बाजूंनी बघतात. “एक, इतक्या बिकट रुग्णांतही काही जणांचे केस नुसत्या पिठाच्या गोळीवर आले. दोन, खऱ्या गोळीवरही शंभरातल्या साठांहून अधिक लोकांना हवा तेवढा गुण आला नाही. हे दुसरे वाक्य तुमच्या काउंटरवर कोणी बोलत नाही, भाऊ. आणि निर्दयपणाबद्दल म्हणाल, तर चाईत केसाचे मूळ मरत नाही, नुसते झोपते. जखमेचा व्रण राहून मूळच नष्ट होते असे इतर आजार आहेत, हा तसा नाही. त्यामुळे सहा किंवा नऊ महिने थांबल्याने कायमचे नुकसान होत नाही, आणि ठरलेला काळ संपल्यावर प्लासिबोवाल्यांनाही खरी गोळी मिळायची सोय या चाचण्यांत होती. प्लासिबो देण्याची परवानगी मुळात याच अटींवर मिळते. पण तुमचे अर्धे मी मान्य करते. या चाचण्यांच्या आधारावर अमेरिकेत जून २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब मंजूर झाले. एक उपाय सिद्ध झाल्यावर पुढच्या प्रत्येक चाचणीत प्लासिबो ठेवायला सबळ कारण लागेल. आता तुलना औषधाशी औषधाची व्हायला हवी.”

गुण मोजतात कसा, तेही जरा जवळून पाहू, कारण दुकानदारांचा पुढचा वार तिथेच पडतो. त्वचारोगतज्ज्ञ डोक्याचे चार भाग कल्पितात. माथा म्हणजे डोक्याच्या ४० टक्के, मागची बाजू २४ टक्के, कानांवरची डावी-उजवी बाजू प्रत्येकी १८ टक्के. प्रत्येक भागातले किती केस गेले याचा अंदाज घेऊन बेरीज करतात. समजा एखाद्या मुलीचा निम्मा माथा गेला, त्याचे झाले २०. मागचा पाव भाग गेला, त्याचे ६. उजवी बाजू पूर्ण गेली, त्याचे १८. बेरीज ४४. या मुलीला त्या मोठ्या चाचण्यांत प्रवेश नाही, कारण तिथे किमान ५० लागत. आणि उपचार यशस्वी कधी म्हणायचा, तर बेरीज २० किंवा त्याखाली आली की. “म्हणजे कपाळावरचे पुढचे केस नाही आले, मागचे सगळे आले, तं तुमच्या कागदावर पोरगी पास,” दुकानदार म्हणतात, “अन् आरशात नापास. भुवयांचे गुण तं यात धरलेलेच नाहीत.” भुवया-पापण्या या चाचण्यांत वेगळ्या मोजल्या गेल्या होत्या, पण मुख्य कसोटी डोक्याचीच होती, तेव्हा त्यांचे म्हणणे बरोबर आहे. प्राध्यापिकाही वाद घालत नाहीत. कसोटी कोणती हे रुग्णांना विचारून ठरवले पाहिजे, एवढे त्या आपल्या मागणीत लिहून घेतात.

आता मी माझ्या मते या सगळ्या वादाच्या मुळाशी येतो. उगवलेला केस डोळ्यांना दिसतो, गोळीने केलेली इजा दिसत नाही. ती फक्त मोजणीत सापडते. टोफॅसिटिनिबला अमेरिकेत २०१२ मध्ये संधिवातासाठी परवानगी देताना सरकारने अट घातली होती की पुढे सुरक्षिततेची वेगळी चाचणी करावी. ती ४,३६२ रुग्णांवर झाली. सगळे पन्नाशीच्या पुढचे, हृदयविकाराचा किमान एक धोका असलेले. साधारण चार वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांतून मृत्यू असे प्रसंग टोफॅसिटिनिब घेणाऱ्यांत ३.४ टक्के घडले, तुलनेच्या जुन्या औषधांवर २.५ टक्के. कर्करोग ४.२ टक्के, विरुद्ध २.९ टक्के. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आणि बॅरिसिटिनिबसारख्या भाऊबंद गोळ्यांच्या वेष्टनावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. प्राध्यापिका दुकानदारांना विचारतात, “तुमच्याकडून शंभर माणसे चार वर्षे ही गोळी घेतात असे धरा. त्यांतल्या एखाद्याला जास्तीचा झटका आला, तर तो तुम्हाला कसा कळणार? तो दवाखान्यात जाईल, घरचे म्हणतील वय झाले होते, ताण होता, तंबाखू होती. तुम्ही सांत्वनाला जाल. गोळीचे नाव कोणाच्याही मनात येणार नाही. शंभरात एकाचा फरक हा अनुभवाने कधीच कळत नाही, तुमच्याही नाही आणि चाळीस वर्षे दवाखाना चालवलेल्या डॉक्टरच्याही नाही.”

याहून बोलके उदाहरण ड्यूरक्सोलिटिनिबचे आहे, आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. रक्सोलिटिनिबच्या रेणूतले काही हायड्रोजन काढून त्यांच्या जागी जड हायड्रोजन बसवून अमेरिकेतल्या कॉन्सर्ट फार्मास्युटिकल्सने ही गोळी तयार केली. २०२३ मध्ये मुंबईच्या सन फार्माने ती कंपनीच विकत घेतली. ७०६ रुग्णांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत २४ आठवड्यांनी दिवसातून दोनदा १२ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४१.५ टक्के कसोटीला उतरले, ८ मिलिग्रॅमवाल्यांपैकी २९.६ टक्के, आणि प्लासिबोवर १ टक्कासुद्धा नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा तर १२ ची गोळी द्यायला हवी, कोणताही बाप आपल्या मुलीसाठी तीच मागेल. पण पुढच्या दीर्घ अभ्यासात १२ मिलिग्रॅमवर रक्ताची गाठ होण्याचा धोका समोर आला आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या मात्रेवर तिथले काम थांबवले. जुलै २०२४ मध्ये परवानगी मिळाली ती फक्त ८ मिलिग्रॅमला. जास्त केस देणारी गोळी बाजूला ठेवली गेली, ती कोणी टेबलाशी बसून हिशेब ठेवत होते म्हणून.

“हे सगळं अमेरिकेतलं,” दुकानदार म्हणतात. “अन् झटक्याची गोष्ट तुम्ही सांगितली ती संधिवाताच्या म्हाताऱ्या लोकांची. त्यांना सोबत मेथोट्रेक्झेटही चालू असते. माझ्याकडं येतात ते वीस-पंचवीस वर्षांचे पोरं. त्यांच्या अंगाला ते आकडे काऊन चिकटवता?”

आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. पण तो कुठे नेतो ते पाहा. त्या आकड्यांचा आपल्या मुलांशी संबंध नसेल, तर आपल्या मुलांचे आकडे हवेत, आणि ते पुरेसे कोणाकडेच नाहीत. ड्यूरक्सोलिटिनिबच्या चाचण्या अमेरिका, कॅनडा आणि युरोपात झाल्या. आता त्याच्या मालकाचे मुख्यालय मुंबईत असले तरी त्या कागदांत नागपूर नाही. आणि शरीरे सगळीकडे सारखी नसतात. या गोळीचे विघटन यकृतातले सीवायपी-टू-सी-नाइन नावाचे विकर करते. ज्यांच्यात हे विकर जन्मतःच मंद आहे त्यांना ती देण्यास मनाई आहे, म्हणून सुरू करण्यापूर्वी जनुकीय तपासणी सांगितलेली असते. विकर मंद करणारा जनुकाचा एक प्रकार आपल्या दक्षिण आशियाई लोकांत चीन-जपानकडच्या लोकांपेक्षा अधिक आढळतो. चाचण्या झाल्या तिथल्या लोकांना सोसलेली मात्रा इथे तशीच सोसेल, हे गृहीत धरता येत नाही.

“आणि भाऊ, तुमच्याच मांडणीवरचे फ्लुकोनाझोल घ्या,” प्राध्यापिका सांगतात. “गजकर्णाची साथ गेली कित्येक वर्षे आपल्याकडे हटायला तयार नाही, लोक चिठ्ठीशिवायही ती कॅप्सूल मागतात. फ्लुकोनाझोल घेतले की टोफॅसिटिनिब शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, रक्तातली पातळी चढते. मात्रा कमी करावी असे माहितीपत्रकात लिहिलेले आहे. ड्यूरक्सोलिटिनिबसोबत तर ती देऊच नये असे आहे. एकच मुलगी केसांसाठी एका डॉक्टरकडे जाते आणि मांडीच्या गजकर्णासाठी थेट काउंटरवर येते, तेव्हा ही गाठ तुमच्यासमोर पडते. युरोपातल्या चाचणीत हा प्रसंग येणार तरी किती वेळा? क्षयाचेही तसेच. २०२३ मध्ये जगातल्या क्षयरुग्णांपैकी २६ टक्के भारतात होते. आपल्यातल्या कितीतरी लोकांच्या छातीत क्षयाचे जंतू दबून बसलेले असतात. त्यांना दाबून ठेवणारी जी पेशींची यंत्रणा आहे, तिच्यावरच ही गोळी हात ठेवते. म्हणून आधी क्षयाची तपासणी करायची असते. तुमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीसोबत ती तपासणी झाल्याचे तुम्ही कधी विचारता का? आणि नागीण निघाली तर ती गोळीमुळे निघाली, अशी नोंद कोण कुठे करतो?”

दुकानदार यावर प्रामाणिकपणे सांगतात की विचारत नाहीत. पण मग ते जुनी, दुखरी जागा दाबतात. “तुम्ही म्हणता चाचणी इथं करा. लोक म्हणतील, आम्हाला उंदीर बनवून राहिले. २००९-१० मध्ये आंध्रात अन् गुजरातेत शाळेच्या पोरींना ती गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची लस दिली, तिथं आईबापाऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. ते लोकं विसरले नाहीत.” विसरूही नये. ती प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि त्या दडपणातूनच नियम कडक होत गेले. चाचणीची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद तर त्याआधीच, जून २००९ पासून, सक्तीची आहे. २०१९ च्या नव्या नियमांत नैतिकता समितीची मंजुरी, समजावून घेतलेली लेखी संमती, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हे सगळे कायद्याने बांधलेले आहे. नियम कागदावर राहण्याची भीती मला मान्य आहे. परंतु इथे तुलना कशाशी करायची? आज जी मुलगी चाईसाठी टोफॅसिटिनिब घेते, तिच्यावरही प्रयोगच चालू आहे. तिच्या वयाच्या, तिच्या प्रदेशातल्या, तिच्या आजाराच्या माणसांत ही गोळी पाच वर्षांनी काय करते हे तिच्या डॉक्टरला माहीत नाही. फरक इतकाच की या प्रयोगाला नैतिकता समिती नाही, भरपाई नाही, आणि निकाल टिपायला वहीसुद्धा नाही. तिने सोसलेला धोका पुढच्या मुलीच्या काहीच उपयोगी पडत नाही. चाचणीत माणसाचा उंदीर होतो हा आरोप करायचा असेल तर तो चाचणीबाहेरच्या या वापरावर अधिक लागू पडतो.

मग मागायचे काय? प्राध्यापिकेची मागणी वादाच्या ओघात बरीच बदलली आहे. प्लासिबोचा आग्रह त्यांनी सोडला. नागपुरात मेडिकल कॉलेज, मेयो रुग्णालय आणि मिहानमधले एम्स अशा तीन सरकारी वैद्यकीय संस्था आहेत, शेजारी सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. एम.डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, आणि एकेकट्याने केलेला तो अभ्यास मूठभर रुग्णांवर संपून कपाटात जातो. या सगळ्यांनी एकच आराखडा घेऊन काम केले तर मूठभरांचे काहीशे होतील. बाजारात असलेल्या औषधाची नव्या आजारासाठी केवळ ज्ञानासाठी चाचणी करायची असेल तर २०१९ च्या नियमांनुसार संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी पुरते, दिल्लीच्या परवानगीसाठी थांबावे लागत नाही. एका गटाला टोफॅसिटिनिब, दुसऱ्याला स्टेरॉइडची ती जुनी पद्धत, आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस बीटामेथासोन, जी दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. पसरिचांनी रूढ केली आणि जी आजही स्वस्त म्हणून वापरली जाते. डोक्याचे फोटो अशा माणसाने मोजायचे ज्याला गट माहीत नाही. क्षयाची तपासणी सगळ्यांची. फ्लुकोनाझोलसह दुसऱ्या प्रत्येक औषधाची नोंद, आणि ती ठेवायला परिसरातले औषध दुकानदार सोबत घ्यायचे.

दुकानदारांना यात आपली जागा दिसते आणि त्यांचा सूर बदलतो, पण त्यांचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत कठीण आहे. “केस आल्यावर गोळी बंद केली तं काय होते, मॅडम? माझ्याकडं दर महिन्याला पाकीट नेणारा माणूस पैसे संपले की बंद करतो. दोनतीन महिन्यांनी पुन्हा टोपी घालून येते.” याचे उत्तर बॅरिसिटिनिबच्या चाचणीने दिले आहे, कारण तिथे हा प्रश्न मुद्दाम विचारला होता. गुण आलेल्यांपैकी काहींना, त्यांनाही न कळवता, प्लासिबोवर टाकले. त्यांतल्या सुमारे ८० टक्के लोकांनी मिळालेला फायदा पुढे गमावला. म्हणजे ही गोळी चाई बरी करत नाही, थोपवून धरते. हे ज्याला पहिल्याच दिवशी सांगितले नाही, त्याची संमती मी पूर्ण धरत नाही, मग ती चाचणीतली असो की खासगी दवाखान्यातली. परदेशी कंपनीला गोळी आयुष्यभर चालू राहण्यात तोटा काही नाही. आपल्याला मात्र मात्रा निम्मी करून, एक दिवसाआड देऊन, किती महिन्यांनी किती लोकांचे केस टिकतात हेच सगळ्यात आधी कळायला हवे. नागपूरच्या चाचणीचा मुख्य प्रश्न हाच असावा, केस उगवतात का हा नव्हे. तो इतरांनी सोडवून ठेवला आहे.

“अन् चाचणी संपल्यावर त्या पोरीच्या गोळीचे पैसे कोण देणार?” दुकानदार विचारतात. २०१९ च्या नियमांत चाचणी संपल्यानंतरही औषध मोफत पुरवण्याची तरतूद आहे. संशोधकाची शिफारस हवी, समितीची मंजुरी हवी, आणि त्या आजारावर दुसरा उपाय नसावा अशी अट आहे. चाईवर दुसरा उपाय आहे की नाही यावर एखादी संस्था सहज हात वर करू शकेल. प्राध्यापिका तसे स्पष्ट सांगतात. दुकानदारांची अट मग एवढीच उरते की गुण आलेल्या रुग्णाला किती महिने गोळी मिळणार आणि ती कोणाच्या खर्चाने, हे संमतीच्या कागदावर मराठीत, सहीच्या जागेच्या वर छापलेले असावे. ते छापले असेल तर चिठ्ठी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आपण स्वतः मेडिकलच्या त्वचाविभागाचा पत्ता देऊ, असे ते म्हणतात. प्राध्यापिका ती अट मसुद्यात घालायला तयार आहेत.